राष्ट्रीय, राज्यस्तरीय आणि प्रादेशिक वृत्तपत्रे : खानदेशच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : प्रादेशिक वृत्तपत्र, जिल्हा आवृत्ती, डाक आवृत्ती, मुद्रणओळ, जाहीर सूचना, खानदेश.

प्रस्तावना

वृत्तपत्रांचे वर्गीकरण करताना 'राष्ट्रीय' आणि 'प्रादेशिक' या दोन संज्ञा आपण सहजपणे वापरतो. राष्ट्रीय म्हणजे मोठे आणि प्रादेशिक म्हणजे त्याहून लहान, असा त्यामागचा रूढ समज असतो. प्रत्यक्षात हा भेद केवळ आकाराचा किंवा खपाचा नाही. वृत्तपत्र कोणासाठी काढले जाते, त्यातील बातमीची निवड कोठे बसून केली जाते आणि छापलेली बातमी अखेर कोणाच्या हाती पडते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर वृत्तपत्राचा खरा दर्जा ठरतो.

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात वसलेले नरडाणा हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग हे दोन्ही या गावावरून जातात. औद्योगिक वसाहतीमुळे जमिनीचे प्रश्न येथे सातत्याने उपस्थित होतात. अशा गावातील वाचकाच्या हाती कोणती वृत्तपत्रे येतात व ती त्याच्या कोणत्या गरजा भागवितात, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

संज्ञांची उकल

भारतात 'राष्ट्रीय वृत्तपत्र' ही कायद्याने निश्चित केलेली संज्ञा नाही. व्यवहारात इंग्रजी आणि काही प्रमाणात हिंदी दैनिकांना राष्ट्रीय म्हटले जाते, तर मराठी, गुजराती, तमिळ अशा भाषांतील दैनिकांना प्रादेशिक म्हटले जाते. म्हणजे लाखो प्रतींचा खप असलेले मराठी दैनिकही दिल्लीच्या दृष्टीने प्रादेशिकच ठरते. तेच दैनिक धुळ्यात मात्र 'मुंबईचा पेपर' किंवा 'पुण्याचा पेपर' म्हणून ओळखले जाते. स्थान बदलले की संज्ञेचा अर्थही बदलतो.

शासकीय जाहिरातींसाठी केले जाणारे वर्गीकरण खपावर आधारलेले आहे. केंद्र शासनाच्या जाहिरात धोरणानुसार २५,००० पर्यंत खप असलेली वृत्तपत्रे लहान, २५,००१ ते ७५,००० पर्यंतची मध्यम आणि त्यापुढील मोठी गणली जातात. आकडेवारीच्या सोयीसाठी ही विभागणी उपयुक्त असली, तरी वृत्तपत्राच्या आशयाविषयी ती काहीच सांगत नाही.

खानदेशातील वाचकाच्या दृष्टीने वृत्तपत्रांचे पुढील चार स्तर मानता येतील : (१) इंग्रजी व हिंदी राष्ट्रीय दैनिके, (२) मुंबई किंवा पुणे येथून राज्यभर जाणारी मराठी दैनिके, (३) अनेक जिल्ह्यांत स्वतंत्र आवृत्त्या काढणारी साखळी दैनिके, आणि (४) एका जिल्ह्यातच जन्मलेली व तेथेच वाचली जाणारी दैनिके व साप्ताहिके. धुळ्याची 'आपला महाराष्ट्र' व 'मतदार' आणि जळगावची 'जनशक्ती' ही नावे चौथ्या स्तराच्या संदर्भात खानदेशी वाचकास परिचित आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ झाला. त्यानंतर १८४१ साली भाऊ महाजन यांचे 'प्रभाकर', १८४९ साली पुण्याचे 'ज्ञानप्रकाश' व १८८१ साली 'केसरी' अशी परंपरा निर्माण झाली. या इतिहासाचे कथन बहुधा मुंबई-पुण्याभोवतीच फिरते. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच धुळ्याहून 'खानदेश वैभव' आणि जळगावहून 'प्रबोधचंद्रिका' ही साप्ताहिके निघत होती. जळगावच्या नानासाहेब फडणीस यांनी १८८७ साली सुरू केलेले 'काव्यरत्नावली' हे मासिक तर केवळ कवितेला वाहिलेले होते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघालेले नियतकालिक संपूर्ण मराठी साहित्यविश्वात मान्यता पावू शकते, याचे ते ठळक उदाहरण होय.

साने गुरुजींचे कार्यही येथे नमूद करणे आवश्यक आहे. अमळनेरच्या छात्रालयातील मुलांसाठी ते स्वहस्ते लिहिलेले 'छात्रालय' दैनिक काढीत असत. पुढे १९३८ साली त्यांनी अमळनेर येथून 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. शेतकरी व कामगार यांचे प्रश्न मांडणे हा त्याचा हेतू होता. एका वसतिगृहातील मुलांपासून एका तालुक्यातील श्रमिकांपर्यंत आणि १९४८ साली मुंबईत सुरू झालेल्या 'साधना' साप्ताहिकाद्वारे साऱ्या महाराष्ट्रापर्यंत, असा हा वाचकवर्गाचा क्रमशः झालेला विस्तार आहे.

खेड्यातूनही वृत्तपत्र चालू शकते, हे मुकुंदराव पाटील यांनी सिद्ध केले. १९१० साली सुरू झालेले त्यांचे 'दीनमित्र' हे साप्ताहिक तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून अनेक दशके निघत राहिले व १९६७ पर्यंत चालले. सत्यशोधक विचार ग्रामीण वाचकाच्या भाषेत पोहोचविणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. नरडाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान गावातून निघणाऱ्या पत्राला वैचारिक वजन असू शकते, हे त्यावरून स्पष्ट होते.

एक तुलना : रुमानियाचा अनुभव

या प्रश्नाला एक आंतरराष्ट्रीय परिमाणही आहे. रुमानियन भाषेतील आरंभीची वृत्तपत्रे 'दर्पण'च्या समकालीन आहेत. १८२९ साली बुखारेस्ट येथून 'कुरिएरुल रोमानेस्क' आणि याश येथून 'आल्बिना रोमानेआस्का' सुरू झाले. १८३८ साली ब्राशोव येथून 'गाझेता दे ट्रान्सिल्व्हानिया' निघाले. त्या वेळी ही तीन शहरे तीन वेगवेगळ्या प्रांतांत व राजवटींत होती. वालाखिया आणि मोल्दाविया यांचे एकीकरण १८५९ साली झाले, तर ट्रान्सिल्व्हानिया १९१८ साली रुमानियात सामील झाला. म्हणजेच राष्ट्र प्रत्यक्षात येण्यापूर्वी त्याची भाषिक जाणीव प्रादेशिक पत्रांनी घडविली होती. १९६० पूर्वी वेगवेगळ्या प्रशासनांत विभागलेल्या मराठी भाषिकांच्या बाबतीत मराठी पत्रांनी बजावलेली भूमिका याच जातीची होती.

साम्यवादी राजवटीत तेथील चित्र पालटले. राजधानीत 'स्कंतेया' हे पक्षाचे मुखपत्र आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पक्षाचे एकेक दैनिक, अशी रचना अस्तित्वात आली. जिल्हा दैनिके संख्येने भरपूर होती, परंतु बातमीचा निर्णय एकाच केंद्रातून होत असे. डिसेंबर १९८९ नंतर यांपैकी अनेक पत्रांनी नावे बदलली व ती स्वतंत्रपणे निघू लागली. यातून एक बोध निश्चित घेता येतो : वृत्तपत्राच्या शीर्षकाखाली जिल्ह्याचे नाव असणे आणि त्या जिल्ह्याचा आवाज त्यात असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

लहान विरुद्ध मोठे : 'सकाळ' खटला

मोठ्या दैनिकांच्या स्पर्धेपासून लहान दैनिकांचे संरक्षण करावे काय, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळात तीव्रतेने पुढे आला. पहिल्या वृत्तपत्र आयोगाच्या शिफारशींच्या अनुषंगाने १९५६ साली वृत्तपत्रांची किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घालणारा कायदा करण्यात आला व १९६० साली त्याखालील आदेश निघाला. कमी किमतीत अधिक पाने देऊन मोठी दैनिके लहानांचा वाचक पळवितात, त्यास आळा घालणे हा त्यामागील हेतू होता.

या आदेशाला पुण्याच्या 'सकाळ'ने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी सुरू केलेले हे दैनिक त्या वेळी ७ नव्या पैशांत रविवार वगळता आठवड्याला ३४ पाने देत असे. आदेशानुसार त्याच किमतीत २४ पानेच देता आली असती. पाने तेवढीच ठेवायची तर किंमत वाढविणे भाग होते. १९६१ साली घटनापीठाने हा कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविला. न्यायमूर्ती मुधोळकर यांनी लिहिलेल्या या निकालाचे सार असे की, विचार प्रसृत करण्याच्या स्वातंत्र्यात किती पाने छापावीत व किती वाचकांपर्यंत पोहोचावे याचेही स्वातंत्र्य अंतर्भूत आहे. एका वृत्तपत्राला संरक्षण देण्यासाठी दुसऱ्याच्या या स्वातंत्र्यावर निर्बंध घालता येणार नाही.

हा निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने मोलाचा आहे, यात शंका नाही. परंतु त्यामुळे लहान वृत्तपत्रांच्या संरक्षणाचा एक मार्ग कायमचा बंद झाला. शासकीय जाहिरातींचे वाटप हा त्यांचा एक प्रमुख आधार उरला आणि तो आधार शासनाच्या मर्जीशी जोडलेला राहिला.

जिल्हा आवृत्त्यांचा उदय

सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली स्पर्धा पानांची होती. पुढील काळातील स्पर्धा मात्र आवृत्त्यांची ठरली. खिळे जुळवून छपाई होत असताना मुंबई-पुण्याचा अंक खानदेशात रेल्वेने किंवा एस.टी.ने येई. दूरच्या गावांसाठी संध्याकाळीच छापून निघणाऱ्या 'डाक आवृत्ती'त रात्रीच्या घडामोडी नसत. ऑफसेट मुद्रण, दूरमुद्रक, छायाक्षरजुळणी आणि त्यानंतर संगणकीय देवनागरी अक्षरजुळणी यांमुळे मुद्रणाचे केंद्र वाचकाजवळ नेणे शक्य झाले.

नाशिकच्या 'गावकरी' व 'देशदूत' यांनी खानदेशात वाचक मिळविला होता. १५ डिसेंबर १९७१ रोजी नागपुरात दैनिक झालेल्या 'लोकमत'ने त्या दशकाच्या उत्तरार्धात जळगावला आवृत्ती काढली. 'सकाळ'नेही पुढे खानदेशासाठी आवृत्ती सुरू केली. २०११ साली औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथून सुरू झालेले 'दिव्य मराठी' त्यानंतर जळगावपर्यंत आले. रॉबिन जेफ्री या अभ्यासकाने २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतीय भाषांतील वृत्तपत्रांच्या या वाढीची सविस्तर मीमांसा केली आहे. साक्षरता, दळणवळण, नवे मुद्रणतंत्र आणि ग्रामीण ग्राहकापर्यंत पोहोचू पाहणारी जाहिरात या घटकांच्या एकत्रित परिणामातून ही वाढ झाली.

या बदलाचा लाभ निर्विवाद आहे. पूर्वी वर्षाकाठी एखाद्या वेळी छापून येणारे तालुक्याचे नाव आता रोज छापले जाते. कापसाचा भाव, पाणीटंचाई, ग्रामपंचायतीची निवडणूक, यात्रा, निधनवार्ता आणि गंधमुक्तीची सूचना या साऱ्यांना पानावर स्थान मिळाले. सामान्य माणसाला आपले नाव छापील अक्षरांत पाहता आले. या गोष्टीचे सामाजिक मूल्य कमी लेखता येणार नाही.

एकाच बातमीची तीन रूपे

स्तरांमधील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटर लांबीच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. अपेक्षित खर्च १८,०३६ कोटी रुपये सांगण्यात आला. राष्ट्रीय दैनिकाच्या दृष्टीने येथे महत्त्वाचे असतात ते लांबी, खर्च आणि मुंबई व इंदूर यांमधील कमी होणारे अंतर. राज्यस्तरीय दैनिकाला महत्त्व असते ते उत्तर महाराष्ट्राला होणाऱ्या लाभाचे व त्यामागील राजकीय श्रेयाचे. जिल्हा दैनिकासमोरील प्रश्न वेगळेच असतात. या मार्गाशी निगडित बोरविहीर ते नरडाणा हा टप्पा कोणत्या शिवारांतून जातो, कोणाच्या विहिरी त्यात जातात, मोबदला कोणत्या दराने मिळतो, शेतात जाण्याचा रस्ता उरतो की नाही, हे ते प्रश्न होत.

यांपैकी कोणतेही रूप खोटे नाही. परंतु ज्याची जमीन जाणार आहे त्याच्यासाठी तिसरे रूप अपरिहार्य आहे, आणि ते देण्याची क्षमता केवळ स्थानिक वृत्तपत्रातच असते.

याला कायदेशीर बाजूही आहे. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना त्या परिसरात खपणाऱ्या दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी लागते व त्यांतील एक प्रादेशिक भाषेतील असावे लागते. हरकत नोंदविण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापला जातो व हरकतीची मुदत अवघी २१ दिवसांची असते. सूचना छापली गेली, पण ज्याच्यासाठी छापली त्याच्या पाहण्यात ते वृत्तपत्र आलेच नाही, तर कायद्याची पूर्तता होते आणि शेतकऱ्याचा हरकतीचा हक्क मात्र मुदतीबरोबर संपतो. स्थानिक वृत्तपत्राचे वाचन हा म्हणूनच केवळ सांस्कृतिक सवयीचा विषय राहत नाही. त्यात हक्काचा प्रश्न गुंतलेला असतो.

जिल्हा आवृत्तीच्या मर्यादा

जिल्हा आवृत्त्यांच्या विस्ताराबरोबर तीन मर्यादाही निर्माण झाल्या आहेत.

पहिली मर्यादा भौगोलिक कोंडीची. खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. लोकांचे व्यवहार मात्र या रेषा मानीत नाहीत. नरडाण्याच्या माणसाचे नातेसंबंध, बाजारपेठ व शिक्षण अमळनेरशीही जोडलेले असते. अहिराणी बोली तिन्ही जिल्ह्यांत बोलली जाते. तापीचे पाणी तर सर्वांचेच आहे. असे असूनही शिंदखेड्याच्या वाचकाला लगतच्या अमळनेर तालुक्यातील बातमी सहसा मिळत नाही, कारण ती दुसऱ्या जिल्ह्याच्या पानावर जाते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. नरडाण्याची बातमी छापली जाते, परंतु ती बहुधा धुळे जिल्ह्याच्या पानावरच राहते. ज्यांच्या हाती निर्णय आहे ते मंत्रालयातील अधिकारी, अन्य भागांतील लोकप्रतिनिधी आणि अभ्यासक मुंबईची आवृत्ती वाचतात. जुन्या व्यवस्थेत खेड्याची बातमी क्वचितच येई, पण आली तर ती सर्वत्र वाचली जाई. नव्या व्यवस्थेत ती रोज येते, पण ज्यांना ती आधीच ठाऊक असते त्यांच्यापर्यंतच पोहोचते. प्रसिद्धी वाढली, मात्र तिचा पल्ला कमी झाला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

तिसरी मर्यादा आर्थिक स्वरूपाची. ग्रामीण वार्ताहराला नियमित वेतन क्वचितच मिळते. अनेक ठिकाणी त्याच्याकडेच अंकविक्री व जाहिरात मिळविण्याचे काम असते आणि जाहिरातीवरील दलाली हे त्याचे मुख्य उत्पन्न ठरते. ज्या व्यक्तीकडून वाढदिवसाची जाहिरात घ्यायची, तिच्याच कारभाराविषयी परखड बातमी देणे कठीण होते. २००९ च्या निवडणुकांनंतर 'पेड न्यूज'चा प्रश्न देशभर गाजला व भारतीय वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या उपसमितीने २०१० साली त्यावर अहवाल दिला. चर्चा मोठ्या दैनिकांविषयी अधिक झाली. तथापि या रोगाचे मूळ वार्ताहराच्या असुरक्षिततेत आहे, आणि ते खेड्यापर्यंत पसरलेले आहे.

वृत्तपत्र कसे ओळखावे ?

वृत्तपत्राचा स्तर ओळखण्यासाठी वाचकाला तीन साधने उपलब्ध आहेत. पहिले साधन म्हणजे अंकात बारीक टायपात छापलेली मुद्रणओळ. १८६७ च्या कायद्याने मुद्रक, प्रकाशक, संपादक व मुद्रणस्थळ यांचा उल्लेख बंधनकारक केला. त्या कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून वृत्तपत्रे व नियतकालिके नोंदणी कायदा, २०२३ याने घेतली आहे. अंक कोठे छापला व जबाबदार कोण, हे या ओळीवरून कळते. दुसरे साधन म्हणजे जाहिराती. त्यांवरून वृत्तपत्र कोणावर अवलंबून आहे याचा अंदाज येतो. तिसरे साधन म्हणजे पाठपुरावा. एखाद्या प्रश्नाची बातमी एकदाच येते की निकाल लागेपर्यंत येत राहते, यावरून वृत्तपत्राची त्या भागाशी असलेली बांधिलकी लक्षात येते.

भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या बातम्यांना ही कसोटी लावून पाहावी. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राज्यात घरोघरचे वितरण थांबले, तेव्हा अनेक वाचक ई-पेपरकडे वळले. त्यांतून वेग व स्वस्ताई मिळाली. परंतु समूहांवर फिरणाऱ्या कित्येक मजकुरांना मुद्रणओळ नसते. त्यामुळे चूक झाल्यास जाब कोणाला विचारावा, हे कळत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, राष्ट्रीय, राज्यस्तरीय व स्थानिक वृत्तपत्रे ही एका शिडीच्या पायऱ्या नसून एकमेकांस पूरक अशी स्वतंत्र कार्ये करणारी माध्यमे आहेत. एकाची उणीव दुसरे भरून काढू शकत नाही. स्थानिक वृत्तपत्र दुबळे झाल्यास हानी केवळ एका व्यवसायाची होत नाही. ज्या गावातून महामार्ग व लोहमार्ग जातात, त्या गावाला आपल्याच भूमीविषयीचे निर्णय वेळेवर कळण्याचे साधन त्यामुळे नाहीसे होते.

या दृष्टीने काही उपाय सुचविता येतील. साखळी दैनिकांनी जिल्हा पानावरील निवडक बातम्यांना राज्यभरच्या आवृत्त्यांत नियमित स्थान द्यावे. धुळे, जळगाव व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या आवृत्त्यांत समग्र खानदेशासाठी एक समाईक पान असावे. वार्ताहर व जाहिरात प्रतिनिधी ही कामे वेगळ्या व्यक्तींकडे सोपवावीत. भूमिसंपादनाच्या जाहीर सूचना ग्रामपंचायत कार्यालय व गावातील वाचनालयात दर्शनी लावण्याबाबत दक्षता घेतली जावी.

महाविद्यालयीन ग्रंथालयांची जबाबदारीही मोठी आहे. १९५४ च्या कायद्यात १९५६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वृत्तपत्रांच्या प्रती ठरावीक राष्ट्रीय व सार्वजनिक ग्रंथालयांना पाठविणे बंधनकारक आहे. मात्र दूरच्या ग्रंथालयातील प्रत स्थानिक अभ्यासकाच्या उपयोगी क्वचितच पडते. जिल्ह्यातील दैनिके व साप्ताहिके यांच्या बांधीव फाइली प्रत्येक महाविद्यालयाने जतन केल्यास उद्याच्या संशोधकाला आजचा खानदेश समजून घेता येईल. रद्दीत गेलेल्या अंकाबरोबर गावाच्या इतिहासाचे एकमेव छापील साधनही नष्ट होते. ते जतन करण्यासाठी लागते ती एक कपाटाची जागा आणि रोजचा अंक जपून ठेवण्याची शिस्त.